मातीचा ढीग

बाबा सरकारी रोपवाटिकेत माळी. हयात समुद्राकाठी गेली. तिथे पाऊस इतका, की रोप लाल मातीच्या ढिगावर लावायचं, नाहीतर मुळं कुजतात. पन्नाशीनंतर खात्यातल्या शहाण्यांनी त्यांची बदली डोंगरापलीकडच्या पठारावर केली. इथे काळी, भेगाळलेली माती आणि बाभळीशिवाय झाड नाही. इथे रोप खड्ड्यात लावायचं, भोवती आळं करून पाणी अडवायचं. बाबांना किती सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. तीन वर्षं त्यांनी ढीगच रचले आणि रोपं वाळली. यंदाही वाळली तर घरी जा, असं साहेबांनी बजावलं.

मग मीच रजा टाकून आले. म्हटलं, बाबा, तुम्ही नुसते बसा. दोन दिवस खपून चाळीस रोपं लावली, चाळीस आळी केली, टाकीतलं होतं नव्हतं ते पाणी घातलं.

तिसऱ्या दिवशी उठायला उशीर झाला. बाहेर येऊन बघते तर चाळीस ढीग, आणि त्यांवर उपटून लावलेली रोपं उन्हात माना टाकून उभी.

बाबा पायरीवर हात पुसत बसले होते. म्हणाले, "तुझं चुकलं होतं बाळा. रागावलो नाही. नीट करून ठेवलंय सगळं."