शत्रूनं न दिलेलं कार्ड

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही, अगदी ती जाईपर्यंत नाही. आता तुम्हाला सांगतोय. पण मान खाली घालून सांगेन, अशी अपेक्षा ठेवू नका.

एकाहत्तरच्या लढाईत मी बॉम्बर विमानावर नेव्हिगेटर होतो. लोहाराचा पोरगा, आमच्या आळीतला पहिला बी.एस्सी. विमान पडलं, वैमानिक जागीच गेले, मी पॅराशूटनं उतरलो आणि पकडला गेलो. मार खाल्ला. नाव, हुद्दा, नंबर — पुढं एक शब्द काढला नाही. यातलं अक्षरही खोटं नाही. मुलाच्या बदलीमुळे कोलकात्यात राहतो, तर दर डिसेंबरला विजय दिनासाठी फोर्ट विल्यममध्ये, लष्कराच्या मुख्यालयात बोलावतात, पुढच्या रांगेत बसवतात. मी बसतो. का बसू नये?

पण —

घरी 'बेपत्ता' अशी तार गेली होती. कैदेत काही आठवड्यांनी प्रत्येकाला घरी लिहायला एक कार्ड मिळालं. उघडं. आमच्यातलेच सीनियर ती गोळा करायचे, पत्ते मोठ्यानं वाचून यादी करायचे. आणि मी खोलीत सांगून बसलो होतो, की माझे वडील हेडमास्तर आहेत. का? बाकीच्यांचे वडील कुणी ना कुणी होते म्हणून. आता पत्ता काय घालू? लोहारआळी, देवळामागं?

मी कार्ड परत केलं. "दुश्मन का कागज नहीं चाहिए!" खोली दणाणली. "शाबाश, मराठा!" कुणीतरी पाठ थोपटली. पुढच्या महिन्यातही तेच केलं. एकदा वाघ झाल्यावर शेळी कसं व्हायचं?

आई त्याच महिन्यांत गेली. जेवण सोडलं होतं म्हणे. मी जिवंत आहे, हे तिला कळलंच नाही. परतलो तेव्हा दादांनी — वडिलांना आम्ही दादा म्हणायचो — एवढंच विचारलं, "एक वळ तरी लिवायची, बाळा. पोस्टमननं वाचून दावली असती."

"कार्ड दिलंच नाही त्यांनी," मी म्हणालो.

तेच वाक्य पन्नास वर्षं. गेल्या डिसेंबरात माईकवरसुद्धा. इथंच वाढलेली माझी नात टॅक्सीत म्हणाली, "आजोबा, एक कार्ड पण नाही दिला? कित्ती बाजे लोक!" बाजे म्हणजे वाईट, बंगालीत. मी म्हणालो, हो.

युद्ध, मार, तरुण वय, यातलं काहीही मी पुढं करत नाही. माराला न भ्यालेला माणूस एका पत्त्याला भ्याला. बस.

कार्ड वाटायला त्यांचा एक सुभेदार यायचा. दुसऱ्यांदा तर म्हणालाही होता, "लिख दो साहब, घर में माँ होगी." कार्ड न देणारा म्हणून दादा मरेपर्यंत शत्रूच्या त्या माणसाला शिव्या घालत राहिले. ऐरणीवर घाव घालताना, जेवताना, आईच्या श्राद्धाला. मी समोर बसून ऐकायचो. एकदाही म्हणालो नाही — दादा, दोष त्याचा नव्हता.