रोटाची यादी

नाना संस्था सोडून गेले ते चूक अंगावर आली म्हणून पळाले, असं आमच्या धुळे-जळगावात अजून बोललं जातं. मी ते कितीदा ऐकलं आणि कितीदा गप्प बसले. एरवी माझं तोंड फाटकं आहे, हे घरचे शपथेवर सांगतील.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या एका गावाची माणसं धुळ्याजवळ माळावर पत्र्याच्या शेडमध्ये आणून टाकली होती. टाकली हाच शब्द बरोबर. त्यांच्यासाठी झटणारी आमची छोटी संस्था. नाना तिचे प्रमुख, एरंडोलकडचे निवृत्त शिक्षक. मी जळगावची, नुकतीच बी.ए. झालेली. अक्षर बरं म्हणून कागदपत्रं माझ्याकडे होती. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली भाकरी थापताना बायकांना भोवळ यायची. सगळ्यांचे डोळे नव्या गावठाणातल्या प्लॉटकडे लागलेले, आणि प्लॉटसाठी घरांची यादी हवी होती.

तलाठ्याच्या कागदावर नानांचा काडीचा विश्वास नव्हता. यादी करायला त्यांनी श्रावणातला कानबाई देवीचा सण धरला. कानबाईच्या रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात आणि तो रोट भाऊबंदांनीच खायचा असतो. पोटापाण्यासाठी सुरतेकडे गेलेला माणूसही त्या दिवशी परत येतो. नाना म्हणाले, "देवीच्या गव्हात कोणी खोटं बोलणार नाही. मुठी विचारू, घरं आपोआप कळतील." आम्ही शेडमागून शेड फिरलो. ते विचारायचे, मी लिहायची. पुनर्वसन खात्याचे मोठे साहेबही खूश झाले, पण बजावून गेले की यात एक घर जरी राहिलेलं निघालं तर सगळ्या यादीची फेरतपासणी होईल.

एका शेडमध्ये एक बाई मान खाली घालून गहू निवडत होती. नवरा आदल्या वर्षी गेलेला, पदरात दोन मुली. मूठ पुरुषांची, म्हणजे तिच्या घरची मूठच नव्हती. जुन्या गावात मात्र तिचं दार वेगळं होतं, चूल वेगळी होती. मी विचारलं, "नाना, ह्यांचं काय?" नाना म्हणाले, "त्या दिराच्या रोटात आल्या ना. लिही पुढचं." मी पुढचं लिहिलं. बाई असून लिहिलं, याचा मला आजही संताप येतो.

यादी भिंतीवर लागली तेव्हा ती दोन्ही मुलींना घेऊन कार्यालयात आली. दिरानं हात वर केले होते; एका प्लॉटात त्याचीच पोरं मावत नव्हती. आवाज न चढवता तिनं विचारलं, "नाना, बठ्ठासनं नाव शे. मनं नाव कोठे शे?"

नाना माझ्या अक्षरातली यादी वरपासून खालपर्यंत बोट फिरवत पाहत राहिले. तिथं सगळ्यांची नावं आहेत, तिचं नाही, हे त्यांना माहीत होतं, तरी पाहत राहिले. ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला.

जाण्याआधी त्यांनी मला एकटीला आत बोलावलं. हातात पाकीट दिलं. आत साहेबांच्या नावानं पत्र होतं. बाईचं घर वेगळं होतं, ते वगळलं गेलं, चूक माझी एकट्याची, संस्थेची नव्हे, असं त्यांनी लिहिलं होतं.

"मी खुर्चीत असताना हे दिलं तर संस्थेवर ठपका येईल," ते म्हणाले. "गेलेल्या माणसावर ते काय रागावणार? मी गेलो की दुसऱ्या दिवशी नेऊन दे."

"फेरतपासणी लागली तर, नाना? लोकांना आणखी एक उन्हाळा पत्र्यात काढावा लागेल."

"काढतील. शिव्या मला घालतील. ती बाई अख्खा जन्म कुठे काढेल?"

निरोपाला फार माणसं आली नाहीत. जी आली ती तोंड पाडून उभी होती. कुणीतरी मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणालं, "घोळ घालून चालले." नानांनी नारळ घेतला, नमस्कार केला आणि एस.टी.त बसले. दीपनगरच्या वीजकेंद्रात त्यांचा मुलगा नोकरीला होता, तिकडे गेले. मी पाकीट पिशवीत धरून उभी होते.

दुसऱ्या दिवशी ती बाई आली. उंबऱ्याबाहेरूनच विचारलं, "ताई, नाना मनाकरता काही सांगी गयात का?"

"नाही," मी म्हणाले.

गावाची काळजी होती हे खरं. पण माझ्यामुळे फेरतपासणी लागली तर गाव मला फाडून खाईल, ही भीती त्याहून मोठी होती. आधी प्लॉट वाटून होऊ देत, मग पत्र देऊ, असं मी ठरवलं. प्लॉट वाटून झाले तेव्हा ती मुलींना घेऊन निघून गेलेली होती. नरडाण्याकडे मजुरीला गेली असं कोणी म्हणालं. निघून गेलेल्या बाईला कोण प्लॉट देणार, अशी मी माझी समजूत घातली. पत्र माझ्या कपड्यांच्या पेटीत तळाला गेलं.

त्यानंतर ती मला दिसू लागली. बाजारात, दवाखान्याच्या रांगेत, दोन मुली सोबत असलेली कोणतीही पाठमोरी बाई तीच वाटायची. पुढे जाऊन तोंड पाहिलं की दुसरीच निघायची, आणि मला सुटल्यासारखं वाटायचं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची मला किळस येते.

आठ-नऊ वर्षांनी, मी सुरतेला असताना, नाना आजारी असल्याचं कळलं. सांगून टाकायचं असं ठरवूनच मी निघाले. नरडाण्याला गाडी थांबली तेव्हा मी खिडकीची झडप ओढून घेतली.

दीपनगरच्या क्वार्टरमध्ये नाना खाटेवर उशीला टेकून बसले होते. अंगात काही उरलं नव्हतं, पण मला लगेच ओळखलं. संस्थेचं विचारलं नाही, गावात काय बोलतात तेही विचारलं नाही. माझा हात धरून म्हणाले, "त्या बाईचं घर झालं ना गं?"

मी तोंड उघडलं. ते इतक्या आशेनं पाहत होते.

"झालं, नाना."

"दार कुठल्या अंगाला केलं?"

"पूर्वेला," मी म्हणाले.

त्यांनी डोळे मिटले आणि सुनेला हाक मारून सांगितलं, "हिला जेवल्याशिवाय जाऊ देऊ नको. फार मोठं काम केलंय पोरीनं."

मी जेवून निघाले.