बाकीचे पाच थांबलेत

विजू गेल्याचा फोन आला तेव्हा मी वांगी चिरत होते. तीन आठवडे झाले. मुलुंडच्या आमच्या वाचनालयात शोकसभेला जिन्यापर्यंत माणसं उभी होती, आणि तिच्या चाळीस वर्षांपासूनच्या मैत्रिणीला, म्हणजे मला, रडू येण्याआधी हेवा वाटला. माझ्या वेळी एवढी येतील का...

वाचनालयात लिनक्सवर चालणारे सहा जुने संगणक आहेत. सांभाळायचो आम्ही दोघी, पण लोक म्हणत ‘विजूताईंचे संगणक’. बटण दाबल्यावर संगणकाला उठवणारा छोटासा प्रोग्राम म्हणजे बूटलोडर. तो बिघडला की आतलं सगळं शाबूत असूनही यंत्र उठत नाही. त्याचं अपडेट आलं की विजू आधी, अडलंच तर सुटका असावी म्हणून, आपल्या पेनड्राइव्हवरून संगणक चालू होतो का बघायची, मग एकाच संगणकावर नवा बूटलोडर घालायची, बंद-चालू करायची आणि आठ दिवस थांबायची. बाकीचे पाच नंतर. मी म्हणायचे, "मुलगी बघायला आल्यासारखं काय गं तुझं?" ती म्हणायची, "गो बाय, घाई कित्याक?"

एकदा ती मालवणला गेली. मी तेव्हा तरुण होते, म्हणजे साठीची, आणि अक्कल त्याहून कोवळी. एका दुपारीत सहाही उरकले. प्रत्येकात दोन डिस्क. नवा बूटलोडर मी भलत्याच डिस्कवर घातला, सहाही वेळा, तितक्याच आत्मविश्वासाने. एकही बंद करून पाहिला नाही. सकाळी सहा काळे पडदे, आणि समोर परीक्षेचे फॉर्म भरायला आलेली मुलं.

दुसऱ्या दिवशी विजू गाडीतून उतरली ती थेट वाचनालयात. पेनड्राइव्ह लावून एकेक संगणक उठवला, बूटलोडर योग्य डिस्कवर घातला. सेक्रेटरींनी विचारलं, "कोणी केलं हे?" मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "मीच. फोनवरून हिला चुकीचं सांगितलं."

बाहेर आल्यावर मी भडकले. "माझी चूक तू का घेतलीस?"

"तुला परत हात लावू दिला नसता गं त्यांनी."

शोकसभेत तिघांनी हीच गोष्ट सांगितली. विजूताई किती मोठ्या मनाने चूक कबूल करायच्या... माझी एवढी मेहनतीची चूक, आणि त्या चुकीचंही श्रेय विजूलाच. म्हणून इथे लिहून ठेवते, ती चूक माझी होती. मला परत द्या.

तिचा पेनड्राइव्ह अजून स्विचबोर्डशेजारच्या खिळ्याला लाल नाडीने लटकतोय. सोमवारी नवं अपडेट आलं. आधी तो लावून पाहिला, मग खिडकीजवळच्या एकाच संगणकावर बूटलोडर घातला, बंद-चालू केला. आज चौथा दिवस. हात शिवशिवतात... पण बाकीचे पाच थांबलेत. मीही.