शून्याच्या डब्यातली मुलगी

निवृत्त मास्तरांना काहीतरी खूळ लागतंच. कुणी शेजाऱ्यांना योगासनं शिकवत सुटतो, कुणी होमिओपॅथीच्या गोळ्या वाटतो. मला जुन्या कॉम्प्युटरचं खूळ लागलं. हुबळीच्या केशवापुरातल्या आमच्या घरी मी लॅपटॉपवर असं एक सॉफ्टवेअर घातलंय, की ते उघडलं की चाळीसेक वर्षांपूर्वीचा घरगुती कॉम्प्युटर जसाच्या तसा समोर येतो. टीव्हीला जोडायचा आणि कॅसेटवरून प्रोग्रॅम भरायचा, तो. बायको म्हणते, "एवढी वर्षं पोरांना छळलंत, आता त्या डबड्याला छळा." तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

मागच्या महिन्यात मी माझी जुनी वही काढली आणि तिच्यातले बेसिक नावाच्या भाषेतले प्रोग्रॅम एकेक करून टाइप करायला घेतले. तिसरा प्रोग्रॅम नववीच्या निकालाचा होता. तो टाइप करताना मी स्वतःवर चांगलाच खूश होतो. काय सुरेख लिहायचो आपण, असं म्हणत होतो. दोनशे दहा नंबरच्या ओळीवर आलो आणि टाइप करायचं थांबलो.

तेव्हा मी हुबळीतल्या एका मराठी शाळेत गणित शिकवत होतो. सरकारी योजनेतून शाळेला एक कॉम्प्युटर मिळाला होता आणि त्याला हात लावायची हिंमत असलेला मी एकटाच. त्यामुळे मी भलताच शेफारलो होतो. निकालाच्या वेळी आमच्याकडे वाचणीची पद्धत होती. एक शिक्षक पेपरचा गठ्ठा घेऊन मार्क मोठ्यानं वाचणार, दुसरा रजिस्टरात खुणा करत जाणार, आणि मगच निकाल लागणार. दोन दिवस जायचे, घसा बसायचा. त्या वर्षी मी हेडमास्तरांना सांगितलं, मार्क मशीनमधून येणार आहेत, आता वाचणी कशाला? ते म्हणाले, तुम्ही म्हणता तर नको.

आता तो प्रोग्रॅम. बेसिकमध्ये अ‍ॅरे म्हणजे एका नावाचे, ओळीनं मांडलेले डबे. DIM M(50) असं लिहिलं की गणिताच्या मार्कांसाठी पन्नास डबे तयार, प्रत्येकावर नंबर. प्रोग्रॅम लिहिला तेव्हा वर्गात मुलं पन्नास, म्हणून डबे पन्नास. खरं म्हणजे डबे एक्कावन्न होतात, कारण मशीन शून्यापासून मोजतं. पण शून्य नंबरचा कुणी विद्यार्थी नसतो, म्हणून तो डबा मी उंबऱ्यासारखा वापरला होता. टाइप केलेला आकडा आधी शून्याच्या डब्यात यायचा, शंभराच्या आत आहे ना ते तिथं तपासलं जायचं आणि मग तो ज्याच्या त्याच्या डब्यात जायचा. दोनशे दहावी ओळ ती हीच. त्या काळी मला ती फार हुशारीची वाटली होती.

त्या वर्षी दिवाळीनंतर वर्गात एक मुलगी आली. अळणावरकडच्या खेड्यातली, वडील दाजीबानपेठेत कापडाचे गठ्ठे उचलायचे. मधेच आलेल्याचं नाव हजेरीत शेवटी, म्हणून तिचा नंबर एक्कावन्न. निकालाच्या दिवशी पन्नास मुलांचे सगळे मार्क टाइप करून झाल्यावर ती माझ्या लक्षात आली. एक्कावन्नावा डबा नव्हताच. डबे वाढवायचे तर प्रोग्रॅम पहिल्यापासून चालवावा लागणार, आणि तसं केलं की दुपारभर बसून टाइप केलेलं सगळं पुसलं जाणार. मला कंटाळा आला. याहून बरं कारण मला आजही सापडत नाही. प्रत्येक विषयाचा शून्याचा डबा आता मोकळाच आहे म्हणून मी तिचे सगळ्या विषयांचे मार्क तिथं ठेवून दिले.

मग मला आठवलं की अठरा नंबरच्या मुलाच्या गणिताच्या बेरजेत मी चूक केली होती. सत्तावीस नव्हे, एकोणतीस. मी दुरुस्ती टाइप केली. ती शून्याच्या डब्यात आली, तपासली गेली, अठराव्या डब्यात गेली. पण डब्यातून आकडा नेला तरी तो तिथंही राहतोच, त्याची नक्कल पुढे जाते. मुलीचे गणिताचे मार्क तेवढ्यात पुसले गेले होते.

हे सगळं माझ्या वहीत होतं, माझ्याच अक्षरात. एका पानावर पेन्सिलीनं, "नवीन मुलगी, ५१, गणित ६१, शून्यात." खाली, "क्र. १८, २७ नव्हे २९." आणि पुढच्या पानावर स्क्रीनवरून उतरवलेली गणिताची यादी, तिच्या शेवटी, शून्याच्या डब्यातून: ५१, २९. पासाला पस्तीस लागायचे. मी लॅपटॉपवर तीनदा तसंच्या तसं करून पाहिलं. तीनही वेळा एकोणतीस आले.

ती नापास झाली आणि जूनमध्ये शाळेत आली नाही, एवढं मला आठवत होतं. नापास मुली येत नसतच, त्याचं त्या वेळी कुणाला काही वाटायचं नाही. आता मात्र मी जेवण अर्धवट टाकून पुन्हा ते पान उघडून बसायचो. तिचं काय झालं असेल? लहान वयात कुठं देऊन टाकली असेल? जिवंत तरी असेल का? बायकोनं विचारलं, बीपीची गोळी घेतली ना? घेतली, म्हणालो. तिला सांगायची मला लाज वाटत होती.

जुन्या विद्यार्थ्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. तिथं मी सहज विचारल्यासारखं विचारलं. दोन दिवसांनी एकीचं उत्तर आलं. ती मुलगी धारवाडात आहे, सुभाष रोडच्या एका बोळात तिचं शिवणकामाचं दुकान आहे. जिवंत आहे हे कळल्यावर आधी हायसं वाटलं आणि लगेच जास्तच भीती वाटली, कारण आता जाणं भाग होतं.

पहिल्यांदा गेलो तो बोळाच्या तोंडाशी उभा राहून परत आलो. बसमध्ये स्वतःलाच शिव्या घातल्या. आठवडाभरानं पुन्हा गेलो, वही पिशवीत घेऊन. दुकानात दोन मशिनं होती. मागच्या मशिनवर एक मुलगी काठ दुमडत होती आणि पुढे कापड बेतणारी बाई चष्म्यावरून माझ्याकडे पाहत होती.

"बर्री सर, कुंदर्री," ती कन्नडमध्ये म्हणाली आणि स्टूल पुढे सरकवलं. मग मराठीत, "वळखलं की मी तुम्हाला. केस तेवढे गेल्यात."

मागच्या मुलीला तिनं चहा सांगायला पाठवलं. मी वाटेत जुळवलेली वाक्यं पार विसरलो. नुसती वही उघडून तिच्यापुढे धरली आणि डबे, उंबरा, दुरुस्ती, सगळं भराभर सांगत सुटलो, जणू कुणी मला अडवणार होतं. तिनं कात्री खाली ठेवली. पेन्सिलीची ओळ बोट लावून वाचली.

"एकसष्ट," ती म्हणाली. "मी साठ धरले होते."

"म्हणजे? तुला ठाऊक होतं?"

"आलते की मी तुमच्याकडं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी. प्रश्नपत्रिका घिऊन आलते, सगळी गणितं परत सोडवून. म्हणलं, साठ तरी पडायलाच पायजेत."

मला आठवेना. मी खरंच आठवायचा प्रयत्न केला. कॉम्प्युटरची खोली आठवली, खिडकीचा निळा पडदा आठवला, मशीनवरचं प्लॅस्टिकचं कव्हरही आठवलं. दारात प्रश्नपत्रिका घेऊन उभी राहिलेली मुलगी काही केल्या आठवेना.

"मी काय म्हणालो?"

"काय नाही. चांगलंच बोललात तुम्ही. मशीनला आपलं-परकं काय नसतं, म्हणालात. घरी जा, पुढच्या वर्षी अभ्यास कर." ती हे रागानं म्हणत नव्हती. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी विचारलं, पुढच्या वर्षी का आली नाहीस?

"अप्पा पण आलते ना माझ्यासंगं. बाहेर उभारले होते. तुम्ही सांगितलेलं सगळं ऐकले त्यांनी. वाटेत म्हणाले, सर म्हणतात ते खोटं, मशीन म्हणतंय ते खोटं, तू तेवढी खरी काय? नापास झालीस त्याचं काय नाही गं, पण खोटं बोललीस. मग आत्तीकडं धाडले शिवण शिकायला."

चहा आला. मी कप हातात धरला. माफी मागायला आलो होतो. कसली मागायची तेच आता कळत नव्हतं. मार्क मशीननं खाल्ले असं मी महिनाभर स्वतःला सांगत होतो. पण ती तर माझ्याकडे आली होती. पेपरचा गठ्ठा कपाटात होता आणि उठून कपाट उघडायला मला एक मिनिट लागलं असतं.

"चुकलो मी," म्हणालो.

तिनं वही मिटून माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "सर, एवढं लिहून द्या की मला. गणितात एकसष्ट, म्हणून. खाली सही करा."

मापं लिहायच्या वहीतलं एक कोरं पान तिनं फाडून दिलं. मी नीट अक्षरात लिहिलं, नाव, नंबर, विषय, मार्क, आणि सही केली. तिनं ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि मशिनच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं.

"मी पोरांची आई झाल्यावर पण अप्पा म्हणायचे, तू त्या दिवशी खोटं बोललीस," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली त्यांना जाऊन."