उखाण्यातलं परकं नाव

आमच्या घरात बी.ए. झालेली मी पहिली. हे मी कुठेही सांगते, कुणी न विचारता सांगते. वडील गेले तेव्हा मी शाळेत होते. पुढचं माझं सगळं शिक्षण आईने सटाण्याजवळ एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडून केलं. दिवसभर उन्हात बसायचं, मोठा, बारीक, सडका वेगळा करायचा, गोण्या भरायच्या. संध्याकाळी घरी आली की ती चप्पल न काढताच माठाकडे जायची आणि उभ्या उभ्या तांब्याभर पाणी प्यायची. मग दुसरा तांब्या. मला वाटायचं, उन्हाची तहान.

आता मी नाशिक रोडला राहते. नोकरी सांभाळून आम्ही चार मैत्रिणी मोबाइलवर एक चॅनल चालवतो. गाणी, पथनाट्यं, बायकांच्या तोंडून बायकांचं जगणं. या संक्रांतीला ठरवलं, खळ्यावरच्या बायकांचं हळदीकुंकू करायचं आणि नवरा गेलेल्या बायकांनाही त्यात बसवायचं. आमच्याकडे त्यांना कुंकू लावत नाहीत, मग उखाणा कुठला. एवढं केलं तरी गावात खळबळ होईल, असं आम्हाला वाटत होतं. त्याचा थोडा तोराही होता.

समाजमंदिरात सतरंजी अंथरली, मोबाइल स्टँडवर लावला. एकीने अगदी हळू नाव घेतलं, तर मागून आवाज आला, "जोरात घे ना, नवरा ऐकंल म्हणून भेतीस का?"

"तो कुठं ऐकतो माय, कानाशी बोंबललं तरी."

हसता हसता आईची पाळी आली. तिला कुंकू मीच लावलं. ती नको म्हणाली नाही. मैत्रीण म्हणाली, "मावशी, नाव घ्या आता." आई वडिलांचं नाव घेईल, घेताना गहिवरेल, म्हणून मी मोबाइल जवळ नेला. तिने पदर सारखा केला आणि भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणाली,

"सकाळपासून निवडला कांदा, पाण्याचा नाही घेतला घोट,
शेठचं नाव घेते, दुखतं माझं ओटीपोट."

मी इथे नुसतं शेठ लिहिलंय. तिने त्याचं नाव घेतलं होतं, आडनावासकट.

उखाण्यात बाई फक्त नवऱ्याचं नाव घेते. दुसऱ्या पुरुषाचं नाव त्या जागी आलं की त्याचा अर्थ काय होतो, हे सांगावं लागत नाही. त्यात ती विधवा. खळ्यावरच्या मुकादमाच्या बायकोने हातातला तिळगूळ ताटात परत ठेवला. माझ्या मनात पहिला विचार आला, आई, हे काय बोलून बसलीस. ओटीपोट हा शब्द माझ्या डोक्यात जायला वेळ लागला.

"तू दिवसभर पाणी पीत नाहीस?" मी सगळ्यांसमोरच विचारलं.

"कोणीच पीत नाय. पिऊन जायचं कुठं, सांग तू? पुढं हायवे, मागं उघडं रान."

"कधीपासून?"

"तू शाळेत होतीस तवापास्नं. पहिल्यांदा शेठला सांगितलं, तर म्हणे बघू. मग दरवर्षी सांगितलं. दरवर्षी बघू."

तिचे ते दोन तांबे मला तिथे बसल्या जागी आठवले. माझी बी.ए. त्या तहानेवर झाली होती आणि मला ते ठाऊक नव्हतं.

मग कोपऱ्यातली एक म्हातारी पुढे सरकली.

"पुढं रस्ता, मागं शेत, रान सगळं उघडं,
शेठचं नाव घेते, आडोशाला आम्हीच धरतो लुगडं."

आता हसू फुटलं, पण ते आधीसारखं नव्हतं. एकामागून एक सगळ्यांनी शेठचंच नाव घेतलं. लग्न न झालेल्या पोरींनीसुद्धा. फक्त मुकादमाची बायको उठून गेली.

संध्याकाळी काका घरी आले. आईकडे न बघता मला म्हणाले, "हे मोबाइलवर टाकलंस तर या घरात पाय ठेवणार नाही. लोक हिला शेठची बाई म्हणतील. शिकलीस ना तू?"

मलाही तीच भीती होती. मी आईला म्हणाले, "शेठच्या नावाच्या जागी नुसता 'टूं' असा आवाज टाकते. कोण ते कळणार नाही."

"नाव काढून टाकलं तर उखाणा कसा व्हईल?" आई म्हणाली. "तसाच जाऊ दे. म्हणणारे म्हणतील. मी त्यांच्यासाठी पाणी सोडलं नव्हतं."

मी तसाच टाकला. सकाळपर्यंत तो गावभर झाला होता. आई खळ्यावर गेली तर मुकादमाने फाटकातच अडवलं: "तुला कामावरून काढलंय." बाकीच्या बायका आत बसल्या होत्या. त्या उठल्या, बाहेर आल्या आणि फाटकासमोर हंडा ठेवून पाणी पीत, शेठच्या नावाचे उखाणे घेत बसल्या. आत कांद्याचे ढीग पडलेले, रस्त्यावर रिकामा ट्रक उभा. ड्रायव्हर उखाणे ऐकत होता, मधूनच "नाव घ्या, नाव घ्या" म्हणत होता.

दुपारी शेठ आले. पोटदुखीबद्दल एक शब्द बोलले नाहीत. हात जोडून म्हणाले, "बायांनो, माझं नाव घेऊ नका. बायको माहेरी निघाली, पोरीला सासरी तोंड दाखवायला जागा राहिली नाही. संडास बांधतो. हिलाही कामावर घेतो."

मला धक्का बसला तो खरा तिथे. ओटीपोट दुखतं, हे ऐकून इतक्या वर्षांत कोणी हललं नव्हतं. त्याचं नाव वाईट झालं, तेव्हा विटा आल्या.

काका अजून आमच्याकडे येत नाहीत. दुकानात आई गेली की दोघं-तिघं शेठचं नाव काढून खाकरतात, तेही थांबलेलं नाही. मागच्या रविवारी मी खळ्यावर गेले होते. संडासाला पत्र्याचं दार आहे, आतून कडी आहे. आई कांद्याच्या ढिगाशी बसली होती. माझ्या पिशवीतली बाटली तिने मागून घेतली, भर दुपारी अर्धी संपवली आणि परत देताना म्हणाली, "मोबाइल काढू नको. पाणी पितेय फक्त."