आमच्या घरातले सर

गावाकडे प्राथमिक शाळेत गुरुजी असत, हायस्कूलला सर. पँटमध्ये शर्ट खोचला की गुरुजींचे सर होतात, एवढीच माझी समज. पिंपरीत आलो तर इथे सगळेच सर. बँकेच्या दारात शिपाई मला सर म्हणाला, तेव्हा मी मागे वळून पाहिलं होतं.

मला इथे आणलं ते लातूरहून आलेल्या माझ्या सख्ख्या मामांनी. काळेवाडीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत राहून मी इंजिनीअर झालो, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. ते ऋण मोठं आहे. पुढे चाकणला मामा ज्या कंपनीत मशीन चालवतात तिथेच मला नोकरी लागली, तीही नेमकी त्यांच्याच लाइनवर. मामींनी गल्लीत पेढे वाटले.

पहिल्याच सकाळी मशीनवरून मामा म्हणाले, "गुड मॉर्निंग, सर."

मी हसलो, ते हसले नाहीत. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं. "मी सगळ्यांसमोर भाच्या म्हणलो, तर ही पोरं तुला मोजतील का? कंपनीत सर म्हणजे सर."

कंपनीपुरतं पटलं. पण हळूहळू ते सर कंपनीच्या बसमध्ये बसून घरीही यायला लागले. सरांना भाकरी वाढा. सर, तेवढी दुधाची पिशवी आणता का. एकदा मी भांडी घासली, तर सरांनी ओव्हरटाइम केला म्हणून मामींनी शेजारणीला सांगितलं. सुरुवातीला मलाही गंमत वाटली. मग ध्यानात आलं, कळत्या वयापासून ऐकलेलं 'भाच्या' आता घरातही ऐकू येत नाही. भाड्याने राहिल्यासारखं वाटायला लागलं. त्यात लाइनवरची पोरं वयाला मान म्हणून त्यांना 'मामा'च म्हणायची. जगाचे मामा, फक्त माझेच नाहीत.

मी पहिल्यापासून अभ्यासू. अडलं की पुस्तक उघडायचं. शाळेत बक्षीस मिळालेला जाडजूड इंग्रजी शब्दकोश काढला आणि 'सर'चं मूळ शोधलं. हा शब्द फ्रेंचमधून आलेला, त्याच्याही मागे लॅटिन, आणि तिथे त्याचा अर्थ साधा होता: वयाने मोठा. 'सीनियर' हे त्याचंच भावंड. सरदार-उमरावांना तो पुढे चिकटला, शिक्षकांना आणि साहेबांना त्याहून पुढे.

रविवारी मामा कूलर पुसत बसले होते. मी त्यांना हे सगळं, लॅटिनसकट, ऐकवलं.

"म्हणजे सर म्हणजे म्हातारा?" मामा म्हणाले.

"वयाने मोठा."

मामी आतून म्हणाल्या, "मग सर तुम्हीच की."

मामांनी फडकं पिळलं. "घरात बोलायला सोपं हाय. उद्या लाइनवर म्हणशील का?"

रात्रभर धाकधूक होती. सकाळी शिफ्टच्या सुरुवातीला आमची उभ्याउभ्या मीटिंग असते, कालचं काम आणि आजचं काम. सगळे गोल करून उभे राहिले. मी मामांकडे वळून म्हणालो, "सर, तुमच्या मशीनपासून सुरुवात करू या."

पोरं माझ्याकडे, मग मामांकडे पाहायला लागली. मामांनी सावकाश हात पुसले.

"बरं, भाच्या."

हशा झाला. मला वाटलं, संपलं, आता कोण ऐकतंय आपलं. पण मामा मशीनकडे गेले, पोरंही आपापल्या जागी गेली, आणि त्या दिवशीचं काम नेहमीसारखंच झालं. फरक एवढाच की दुपारपर्यंत मी अख्ख्या लाइनचा भाचेसर झालो होतो, आणि आठवड्याभरात गेटवरच्या सिक्युरिटीचाही.

घरी 'भाच्या' परत आलं. दूध अजूनही मीच आणतो.

परवा नव्याने लागलेल्या एका ट्रेनीने मला मेल पाठवली. वर लिहिलं होतं, 'आदरणीय भाचे सर'. त्याला ते माझं आडनाव वाटलं होतं. मी मोबाइल मामांपुढे धरला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"चांगलं हाय," ते म्हणाले. "राहू दे."