पाजलेली मोटर

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. रिवाइंडिंगवाला बेकरीच्या सायकलचं मागचं चाक आडवं ठेवून त्यात नरसाळ्याने तेल ओततो आहे. विजेच्या सायकलची मोटर चाकाच्या मध्ये, डब्यात बंद असते. माल घेऊन चढ चढताना ती तापते, आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि तांब्याची कॉइल जळते. ती नव्याने गुंडाळणं हा याचा धंदा. घर या जळण्यावर चालतं.

गेल्या वर्षी समोर साडूने दुकान थाटलं. साडू मोटरीत तेल घालतो. तेल आतली उष्णता डब्याच्या पत्र्यापर्यंत नेतं, पत्र्याला वारा लागतो, कॉइल वाचते. तेव्हापासून हा दुकानातलं टेबल दरवाज्याकडे तोंड करून ठेवतो. समोर कोण आलं, कोण गेलं, सगळं दिसतं.

"भाऊजींचा हातगुणच चांगला," बायको एकदा जेवताना म्हणाली. साडू तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा.

"हातगुण कसला? काल-परवापर्यंत झेरॉक्स काढत होता."

"म्हणून काय झालं? ताईकडे गर्दी हटत नाही."

त्या दिवशी हा न जेवता उठला.

बेकरीवाल्याला आपल्या सगळ्या सायकली एकाच दुकानात द्यायच्या होत्या. त्याने दोघांना एकेक सायकल दिली. पाव भरून पाण्याच्या टाकीपर्यंतचा चढ चढायचा आणि परत यायचं. ज्याची मोटर थंड, त्याला काम. याने साडूच्या एका गिऱ्हाइकाला गाठून सहज विचारल्यासारखं विचारलं, "मोटरला काय केलंय हो त्यांनी?"

"तेल पाजलंय."

साडूला विचारायची गरजच उरली नाही. पाजणं याला पाठ होतं. रिवाइंडिंगच्या दुकानात कॉइलला वॉर्निश पाजतात, म्हणजे ती पूर्ण बुडवतात आणि पिईल तेवढं पिऊ देतात. आज सकाळी गिअरबॉक्सचं तेलही त्याने तसंच पाजलं. कॉइल दिसेनाशी झाली, तेव्हा झाकण लावलं.

साडूची सायकल बेकरीवाल्याच्या भावाने नेली, याची डिलिव्हरीवाल्या बाईने. टाकीपाशी बेकरीवाला स्वतः उभा होता. त्याने दोन्ही डब्यांना हात लावला. साडूचा कोमट. याचा जवळपास थंड. फोनवर हे कळलं तसा हा रस्ता ओलांडून साडूच्या दारात जाऊन उभा राहिला. नुसता उभा राहिला.

बाई उतारावरून आली ती दुकानापाशी थांबलीच नाही. पुढचा ब्रेक आणि दोन्ही चपला लावून ती चार दुकानं पुढे, वाळूच्या ढिगात शिरली. पाव रस्ताभर.

"ओ मिस्त्री! मागचा ब्रेक लागतच नाही. लोणी लावलंय का त्याला?"

तेल आसाशेजारच्या फटीतून झिरपून ब्रेकच्या चकतीवर आलं होतं. साडू चाकाशी उकिडवा बसला.

"किती घातलंत?"

"पाजलं."

"अहो, पण किती?"

"पीत होती तोवर."

साडूने खिशातून सुई नसलेली इंजेक्शनची नळी काढून दाखवली. त्याचं तेल काळं, लोहचुंबकाला चिकटून राहणारं. चमचाभर पुरतं, कारण ते मोटरीतल्या चुंबकांपाशीच राहतं, बाहेर येत नाही.

"थंड राहिली खरी," बेकरीवाला पाव उचलत म्हणाला, "पण मला थांबणारी सायकल हवी आहे."

सायकली समोर गेल्या. साडूने चकती पुसायला आपलं फडकं दिलं आणि म्हणाला, "गारव्यात मात्र तुम्ही माझ्या पुढे गेलात, साडूभाऊ." याने फडकं परत केलं आणि चकती स्वतःच्या शर्टाला पुसली.

साडूचं दुकान आठला उघडतं. बेकरीची पहिली सायकल उद्या तिथे आठलाच येणार आहे. याचं शटर सातला वर जातं, आणि टेबल अजून दरवाज्याकडे तोंड करून आहे.